मुकादम डबी

ताई टेकडी चढली तेव्हा धुकं असं उतरलं होतं, की स्वतःचे बूटही तिला परक्या कुणाचे वाटत होते. उतारावर ठिकठिकाणी तिने सेन्सरच्या डब्या पुरल्या होत्या. माती सरकतेय का, ते त्या बिनतारी एकमेकींना कुजबुजून सांगायच्या. प्रत्येक टोळीतली एक मुकादम डबी सगळ्यांचे निरोप गोळा करून खालच्या केंद्राला पाठवायची. इतक्या लांब हाक मारायची म्हणजे बॅटरी पार पिळून निघते, म्हणून मुकादमी आळीपाळीने. निदान कागदावर तरी!

आज वरची टोळी गप्प होती.

ताईने मुकादम डबी उकरली. मेलेली. "राबून राबून गेली गं बिचारी," ती पुटपुटली, आणि तिला स्वतःचीच कीव आली. घरी तरी काय वेगळं होतं? आईची औषधं ताईने आणायची, दवाखाने ताईने करायचे, परवाचं डोळ्याचं ऑपरेशनही ताईच्याच गळ्यात. भाऊ आणि धाकटी बहीण म्हणजे हाताची घडी, तोंडावर बोट! आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात, ते काय उगीच?

मग तिने शेजारची डबी तपासली. बॅटरी भरलेली. पलीकडची बघितली, तीही भरलेली. अख्ख्या टोळीत दम होता आणि एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. ताई ओल्या गवतावर मटकन बसली. कानाशी धुकं पुटपुटत होतं की त्या डब्याच बोलत होत्या, कोण जाणे. बसल्या बसल्या तिला आपणच लिहिलेला नियम आठवला. जी आधी 'मी' म्हणेल ती मुकादम. ते ऐकलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं, आणि मुकादमाने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. या मेलेल्या बाईसाहेबांचं घड्याळ जरा पुढे, त्यामुळे दर पाळीला हिचाच आवाज आधी. आज पाळी संपायच्या आतच ती गेली, मग बाकीच्यांना विचारणार कोण? बाकीच्या कसल्या आळशी! त्यांना कुणी बोलूच दिलं नव्हतं.

फोन वाजला. भाऊ होता.

"ताई, आईकडे आलोय. परवा दवाखान्यात कोण थांबणार गं?"

'मी' अगदी ओठांवर आला. ताईने तो गिळला. हा बोललाच नाही तर? आई एकटी पडली तर? समोर धुक्यातून एक झाड बाहेर आलं आणि पुन्हा आत गेलं.

"मी थांबलो तर... चालेल तुला?" भाऊ चाचरत म्हणाला. "रात्री धाकटी येते म्हणतेय. तुला विचारायची तिची हिंमत होत नव्हती."

"चालेल रे. न चालायला काय झालं!" ताई गवतावरून उठत म्हणाली.

तेवढ्यात आईने फोन घेतला. दोन पावलं बाजूला गेली असावी, कारण आवाज अगदी हळू होता.

"ही दोघं आपणहून येतायत का गं? खरं सांग, तू नाही ना पाठवत? मला आपलं वाटायचं, त्यांना मी नकोशी झालेय."