मुका राजा माझ्या पोटात बोलला

मी एक जुना स्पीकर आहे. लाकडी पेटीचा, माणसाच्या गुडघ्याएवढा उंच आणि आवाजाच्या बाबतीत अजूनही कुणाला हार न जाणारा. मित्रांनो, नम्रपणा मला कधी जमला नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. माझ्या एकट्याच्या पोटात बावीस नट, दोन चेटकिणी, एक अख्खं सैन्य आणि एक ड्रॅगन राहून गेले आहेत. शिवाय एक मुका राजाही. तुम्हाला सांगायचं आहे ते त्याच्याबद्दलच.

माझा जन्म एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर झाला. पेटी त्याच्या सुतार मेव्हण्याने केली. मापावरून दोघे तीन दिवस भांडले, म्हणून माझं मागचं फळकूट जरा तिरकं आहे. पहिली नोकरी भांड्यांच्या दुकानात लागली. "या, बघा, घेऊन जा!" हे एकच वाक्य मी सहा वर्षं ओरडलो. दुकान बंद झालं आणि मी एका शिवणघराच्या माळ्यावर चिंध्यांखाली जाऊन पडलो. कुणी ढुंकून पाहिलं नाही. तेव्हा मला फार वाईट वाटलं, हे लपवून काय उपयोग?

मला खाली आणलं ते शिवणघरात कापड बेतणाऱ्या मास्टरांनी. त्यांनी धूळ झटकली, एक तुटकी तार जोडली आणि आपला फोन मला लावला. फोनमध्ये एक कादंबरी होती. कुणी एकट्याने वाचून दाखवलेली नव्हे, तर बावीस जणांनी मिळून रंगवलेली! प्रत्येक पात्राला वेगळा नट, घोड्यांना टापा, दारांना कुरकुर, तलवारींना खणखणाट. एक नावाडीण ड्रॅगनचं अंडं होडीच्या तळाशी लपवून धुक्याच्या सरोवरातून निघालेली असते. तिच्या मागावर सैन्य असतं. आणि त्या राज्याच्या राजाचा आवाज एका चेटकिणीने काढून घेतलेला असतो. प्रकरणामागून प्रकरणं जातात, राजा एक शब्द बोलत नाही. नुसती त्याची काठी ऐकू येते, ठक, ठक. ती वाजली की सगळं शिवणघर कान टवकारायचं.

त्या गोष्टीला सर्वांत जास्त जीव लावला तो काजं-बटणं करणाऱ्या मावशींनी. त्यांची नजर अधू झाली होती. सकाळी मशिनवरच्या मुली त्यांना डझनभर सुया ओवून द्यायच्या, पुढचं काम त्यांची बोटं करायची. त्यांचा स्वतःचा फोन होता तो नुसता बोलण्यापुरता.

"पुस्तकातली अक्षरं आता मुंग्यांसारखी पळतात," त्या म्हणायच्या. "पण इथं कोण बोलतंय ते कुणाला विचारावं लागत नाही. मला ना, फक्त त्या राजाचा आवाज ऐकायचाय. एकदा ऐकला की झालं."

अठ्ठाविसाव्या प्रकरणात अंडं फुटलं. ड्रॅगनने पहिला श्वास घेतला तेव्हा माझं तिरकं फळकूट थरथरलं. मुली रडत होत्या, हसत होत्या आणि मशिनं चालूच होती. संध्याकाळी पाहिलं तर सोळा कोटांना दोन्ही बाह्या डाव्याच!

शिवणघराच्या मालकीणबाईंना सगळे ताई म्हणत. त्यांनी एक कोट उचलून धरला.

"ही बाही कुणासाठी? ड्रॅगनसाठी?"

मुली माना खाली घालून बाह्या उसवायला लागल्या. ताई पुढे म्हणाल्या,

"गायनवृंदाचे साठ कोट शुक्रवारी जायचेत. आता हा डबा बंद. उद्या भंगारवाला येतोय, त्याला देऊन टाका."

मला डबा म्हणाल्या! पण रागापेक्षा भीतीच जास्त वाटली. गोष्टीची तीन प्रकरणं उरली होती.

मावशी उठून उभ्या राहिल्या. "ताई, शुक्रवारपर्यंत थांबा. त्या दिवशी एक जरी कोट चुकलेला निघाला, तर मी स्वतः ह्याला उचलून भंगारवाल्याकडे देते."

"तुमच्याच्यानं उचलेल का तो?"

"नाही उचलणार. म्हणून तर कोट चुकणार नाहीत."

ताईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. "ठीक आहे. शुक्रवारपर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मशिनं लागायच्या आधी मास्टरांनी उरलेली प्रकरणं एकट्याने बसून ऐकली. मग खडूने बेतायच्या टेबलावर लिहिलं: 'लढाई, बारा मिनिटं, मशिनवर सरळ शिवणी. जंगलात कुजबुज, नऊ मिनिटं, मशिनं बंद, हातशिलाई. चेटकीण, बाह्या जोडायच्या नाहीत!' प्रत्येक उजव्या बाहीवर खडूची फुली आली. लढाईच्या आरडाओरड्यात मशिनांची घरघर मुरून जायची आणि कुजबुजीच्या वेळी सुई कापडातून निघालेलीसुद्धा ऐकू यायची. प्रकरण संपलं की तेच पुन्हा, त्याच क्रमाने. काम असं सरसर पुढे जायला लागलं की ताई रोज दोनदा मोजून बघायच्या.

अडचण एकच होती. मास्टरांना शेवट माहीत होता.

"राजाचा आवाज जाड आहे की बारीक? तेवढंच सांगा ना!" मुली मागे लागायच्या. मास्टर लगेच तोंडात टाचण्या धरायचे. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला उत्तर देता येत नाही. बिचारे दोन दिवस टाचण्या चावत फिरले.

शुक्रवारी चार वाजता शेवटचं बटण लागलं. ताईंनी साठही कोट उलटेपालटे करून पाहिले. डावी बाही, उजवी बाही, काजं, बटणं. साठावा कोट त्यांनी दोनदा पाहिला. मग म्हणाल्या, "एकही चूक नाही," आणि कोटांचे गठ्ठे गाडीत चढवायला बाहेर गेल्या.

मास्टरांनी शेवटचं प्रकरण लावलं. सगळी मशिनं बंद होती. नावाडीण धुक्यात राजापासून दूर चाललेली, समोर सैन्य दबा धरून बसलेलं, तिला ठाऊक नाही. काठीची ठकठक जोरात आली आणि थांबली. मग चेटकिणीची जादू मोडून राजा बोलला. "थांब!" आवाज जाड नव्हता, भारदस्तही नव्हता. गंजलेल्या बिजागरीसारखा तो कसाबसा निघाला, पण सरोवरभर गेला. होडी वळली.

मित्रांनो, त्या एका शब्दाने शिवणघर दणाणलं! मुलींनी टाळ्या पिटल्या. मावशी बोटातली शिवणाची टोपी, अंगुस्तान, न काढताच टाळ्या वाजवत होत्या आणि डोळे पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. "अस्साच!" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं गप्प राहिलेल्या माणसाचा आवाज अस्साच असणार!"

दारात ताई उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे.

"दारापाशी नीट ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा लावा. आणि डब्याला जरा पुढे ओढा."

शनिवारी भंगारवाला आला, त्याला रिकाम्या रिळांचं पोतं मिळालं. आता आमच्याकडे दुसरी कादंबरी सुरू आहे, एकूण त्रेचाळीस प्रकरणं. ताईंची खुर्ची सर्वांत पुढे असते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझा एखादा भाऊबंद गप्प पडला असेल, तर त्याला खाली काढा, धूळ पुसा, तार जोडून पाहा आणि चार माणसं जमवून ऐका. आणि कृपा करून आमच्या डोक्यावर चहाचा कप ठेवू नका. आत राजे बोलत असतात.