खंडेनवमीच्या दिवशी जहाज

ज्योतीरामने बोथट इन्सर्ट चिंधीत गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात टाकला. इन्सर्ट म्हणजे बोटाच्या पेराएवढा तुकडा, मशीनचा दातच म्हणा. लोखंड कापतो तो हाच. हा मात्र पार झिजलेला, कालच भंगाराच्या डब्यातून उचललेला. असला दात लावून कट घेतला की धडधाकट मशीनसुद्धा थरथरतं, कण्हतं आणि लोखंडावर खरवडल्यासारख्या रेघा उमटवतं. बघणाऱ्याला वाटावं, मशीनच कामातून गेलंय. ज्योतीरामला आज नेमकं तेच हवं होतं, कारण आज मशीन बघायला गिऱ्हाईक येणार होतं.

शेडच्या टोकाला उभ्या असलेल्या, लोखंडात मोठाली भोकं कोरणाऱ्या त्या अवाढव्य बोरिंग मशीनला कंपनीतले सगळे ‘जहाज’ म्हणत. नाव काही उगाच पडलं नव्हतं. नौदलाच्या आधीच्या विमानवाहू नौकेतल्या काही दारांची बिजागरं चाकणच्या या शेडमध्ये बनली होती. नौका पाण्यात उतरली त्या दिवशी मालकीण विजयश्री मॅडमनी शेडमध्येच टीव्ही लावून सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली. पुढे दुसऱ्या नौकेची बोलणी सुरू झाली. या वेळी बिजागरं नाहीत, नांगराची साखळी ओढणाऱ्या चरखाचे भलेमोठे भाग करायचे, असं मॅडमनी मनाशी ठरवलं आणि कर्ज काढून हे मशीन आणलं. नमुन्याचा एक भाग केला, गोदीत पाठवला, तो पासही झाला.

आणि मग सगळं थांबलं. फाईल दिल्लीत. कधी बातमी यायची की आधी पाणबुड्या हव्यात, कधी कुणी मोठा माणूस म्हणायचा की एवढ्या पैशांत चार लहान जहाजं होतील, एका मोठ्याचा सोस कशाला. दर अर्थसंकल्पाला मॅडम केबिनचं दार लावून टीव्हीसमोर बसायच्या. बाहेर आल्या की कुणी काही विचारायचं नाही, चेहऱ्यावरूनच कळायचं.

चाकणमध्ये ज्याला त्याला गाड्यांचे पार्ट हवेत, आणि तेही तळहातावर मावणारे. त्यासाठी जहाज काय कामाचं? महिन्याकाठी एखादं भाड्याचं काम आलं तर आलं. बाकी वेळ ज्योतीराम त्याला पुसायचा, तेल द्यायचा, रिकामंच थोडं फिरवायचा. धाराशिवहून आला तेव्हा तो छोट्या लेथवर बूश, म्हणजे अंगठ्याएवढ्या लोखंडी नळ्या, काढायचा. एक काढला की दुसरा, दुसरा काढला की तिसरा. जहाज आलं आणि त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण कारागीर आहोत. रहाटणीतल्या शेजाऱ्यांना तो आजही सांगायचा, ‘आमी नौदलाचं काम करतो.’ समुद्र त्याने एकदाच पाहिला होता, गणपतीपुळ्याला, आणि तोही लांबूनच. पण जीव जडायला तेवढं पुरतं. मशीन गेलं तर पुन्हा बूशच नशिबी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मॅडमचा धाकटा भाऊ दिग्विजय कंपनीत भागीदार. बँकेचे हप्ते भरून तो मेटाकुटीला आला होता, त्यात त्याचं काही चुकलं असंही नाही. गणपतीच्या सुमारास मशीन विकण्यावरून बहीणभावांचं चांगलंच वाजलं, आणि शेवटी मॅडमनी सगळ्यांसमोर शब्द दिला. “दसऱ्यापर्यंत ऑर्डर आली नाही आणि गिऱ्हाइकाला मशीन पसंत पडलं, तर मी आडवी येणार नाही.”

ऑर्डर आली नव्हती. आज खंडेनवमी होती.

सकाळीच मशीनं पुसून, हळदकुंकू लावून, नारळ फोडून झालं होतं. झेंडूचा सगळ्यात मोठा हार जहाजाला. शेड झाडणाऱ्या दुर्गाबाईंनी त्याच्यापुढे रांगोळीही काढली होती. तेवढ्यात कोल्हापूरहून कस्तुरे आले. साखर कारखान्यांच्या गिअरबॉक्सच्या मोठाल्या पेट्या बनवणारे गृहस्थ. बोलायला कमी, बघायला जास्त. मशीनभोवती फिरले, वाकून खालून पाहिलं, मग म्हणाले,

“कट घेऊन दाखवा.”

दुर्गाबाई तिथूनच कडाडल्या. “आज न्हाई चालवायचं मशीन! आज लोखंडाला इसावा असतो, येवढं बी ठावं न्हाई व्हय?”

“खरंच की,” मॅडम पटकन म्हणाल्या. “कस्तुरेसाहेब, आज आमच्याकडे चालवत नाहीत. दिवाळीनंतर निवांत या ना.”

“ताई, ते एवढ्या लांबून आलेत,” दिग्विजय म्हणाला. “दिवाळीपर्यंत ते दुसरं बघतील. एक कट घेतला म्हणून देवी काही कोपत नाही.”

दिग्विजयने सुपरवायझरला, सुजितला, हाक मारली. ताथवड्याच्या कॉलेजातून डिप्लोमा केलेला हुशार पोरगा. मॅडमनी हात वर करून त्याला थांबवलं.

“सुजित नको. ज्योतीरामच चालवतील.” मग ज्योतीरामकडे न बघताच त्या म्हणाल्या, “तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.”

एवढा भरवसा! आणि खिशात काय, तर बोथट दात.

एवढ्या मोठ्या मशीनवर दाखवायला कापायचा जॉबही तसाच दांडगा हवा. तो एकच होता. नमुन्यासाठी ओतीव पोलादाची दोन कास्टिंग आली होती. एक करून पाठवलं, दुसरं ताडपत्रीखाली तसंच पडून होतं. क्रेनने ते मशीनवर चढवलं. ज्योतीरामने स्वतःच्या हाताने मारलेल्या खुणा त्यावर अजून दिसत होत्या.

त्याने हार हळूच बाजूला सरकवला. टूल हातात घेतलं. दात बसवायची वेळ आली तेव्हा सगळ्यांकडे पाठ करून खिशात हात घातला. चिंधीची गाठ बोटाला लागली. आता नाही तर कधीच नाही. कोण ओळखणार आहे? कस्तुरे तोंड वाकडं करून निघून जातील, दिग्विजयसाहेब चार दिवस चिडतील, जहाज इथंच राहील.

पण समोर कास्टिंग होतं. आणि मागे मॅडम उभ्या होत्या. परक्या माणसासमोर त्यांचं मशीन थरथरलं, तर खाली मान त्यांना घालावी लागणार. ज्या बाईने भरल्या शेडमध्ये आपल्यावर भरवसा टाकला, तिची शोभा आपल्याच हाताने करायची? श्या! त्याने हात बाहेर काढला, कपाट उघडलं आणि कोऱ्या डबीतला नवा दात काढून टूलवर कसला.

मशीन सुरू झालं. दात लोखंडाला भिडला आणि शेडभर एकच संथ, भरलेला आवाज घुमला. लोखंडाच्या निळसर चिपा वळून वळून खाली पडू लागल्या. दुर्गाबाईसुद्धा केरसुणी धरून बघत राहिल्या. आवाजात कुठे खोट नाही, थरथर नाही. ज्योतीरामला भरून आलं. आनंद झाला की वाईट वाटलं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

कट संपला. कस्तुरेंनी भोकाच्या आतून नख फिरवलं, मग गेज लावून माप पाहिलं. पुन्हा पाहिलं.

“असं मशीन रिकामं ठेवलंत?” ते म्हणाले. “कमाल आहे तुमची.”

“पसंत?” दिग्विजयने विचारलं.

“नेतो मी. दसरा होऊ दे, क्रेन आणि ट्रेलर पाठवतो.”

दिग्विजय त्यांना घेऊन पेढे आणायला ऑफिसकडे वळला. सुजित, दुर्गाबाई, सगळेच पांगले. मॅडम तेवढ्या तिथंच उभ्या राहिल्या. पुढे येऊन त्यांनी भोकाच्या आत हात घातला. लोखंड अजून कोमट होतं.

“छान झालंय,” त्या म्हणाल्या.

“व्हय, मॅडम.”

“फारच छान झालंय, ज्योतीराम.” त्यांनी हात बाहेर काढला. “सुजितला मुद्दाम थांबवलं मी. तो नियमाने करणारा पोरगा. म्हटलं, तुमचा जीव आहे याच्यावर. तुम्ही काहीतरी कराल.”

“काहीतरी म्हंजे?” ज्योतीरामने विचारलं.

“मी शब्द देऊन बसले होते. मला करता येत नव्हतं.”

ज्योतीरामने सावकाश खिशात हात घातला, चिंधी काढली आणि मशीनच्या टेबलावर, सांडलेल्या कुंकवाशेजारी उलगडली. मॅडमनी दात उचलून उजेडात धरला. झिजलेली धार त्यांना ओळखता आली नसती तर नवल.

“कधी काढून ठेवलात?”

“काल.”

“मग?”

“तुमी मागं उभ्या होता,” तो म्हणाला. “हात धजला न्हाई.”

मॅडमनी दात मुठीत धरला आणि हसायला गेल्या, पण ते हसू नीट जमलं नाही. पदराने डोळे टिपून त्या कितीतरी वेळ त्या तयार भागाकडे बघत राहिल्या. ऑफिसातून दिग्विजयने हाक मारली, “ताई, पेढे!”

“आले रे,” त्या म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

“मॅडम, जॉब उतरवून घेऊ का? आणि हार काढून ठेवू?”

“जॉब उतरवा. पुसून तेल लावा, ताडपत्री घाला.” त्यांनी बाजूला सरकलेला झेंडूचा हार उचलला आणि जहाजावर होता तसा नीट बसवला. “हार राहू दे. दसरा उद्या आहे.”