दोरीवरच्या सह्या

दवाखान्याच्या आवारात त्या सकाळी नऊ बंद खोकी होती, एक रिकामं टेबल होतं, आणि फाटकाबाहेर दोनशेच्या आसपास माणसं होती.

खोक्यांत प्रयोगशाळेसाठी आलेली नवी यंत्रं होती. रिकाम्या टेबलावर पूर्वी रक्त तपासायचं जुनं यंत्र असे. नवं येणार या उत्साहात ते आधीच भंगारात गेलं. नवं आलं, पण उद्घाटनाच्या पाहुण्यांची तारीख काही येईना. तोवर खोक्याला हात लावायचा नाही, असा वरून निरोप. मग मधुमेहाच्या रुग्णांची लघवी कागदी पट्टीवर तपासून भागवायचं ठरलं. पट्टी बुडवायची, पिवळी राहिली तर साखर नाही, हिरवी झाली तर आहे. सोपं काम.

आणि फाटकाबाहेरची माणसं बाबांसाठी जमली होती.

फाटकाला लागून सायकली ठेवायच्या छपरात मधुमेहावरच्या पाण्याचं एक निळं पिंप, पिंपामागे बाबा, आणि दोन खांबांना बांधलेल्या दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे चिमट्यांनी लावलेले, रुग्णांनी आणून दिलेले सदतीस कागद. प्रत्येकावर दवाखान्याचा गोल शिक्का. प्रत्येकावर ‘लघवीतील साखर : नाही’. प्रत्येकाखाली एकच सही.

“मी अडाणी माणूस,” बाबा हात जोडून सांगत. “मी कुठं काय म्हणतोय? हे सरकार म्हणतंय! वाचता येतं त्यानं वाचा, येत नाही त्यानं शिक्का बघा. माझ्या पाण्यात ना मुळी, ना पाला. नुसती श्रद्धा. तपासणीला जायच्या आधी दोन पेले, गच्च पोटभर. तेवढं विसरलात तर मला बोल लावायचा नाही.”

“बाबा, पाणी आंबट का लागतं?” एका टॅक्सीवाल्याने विचारलं.

“आतला रोग बाहेर निघताना आंबटच लागणार, दादा. गोड लागलं असतं तर तुझी साखर वाढली नसती का?”

माणसं हसली आणि पैसे, पेले पुढे झाले.

दोरीवरची सही लॅबताईची होती. प्रयोगशाळेत नमुने तपासणारी ही तरुण मुलगी. विज्ञानाची पदवी घेऊन इथे लागली होती, पण तिला नावाने कुणी हाक मारत नसे. रोज सकाळी ती त्या दोरीजवळून मान खाली घालून आत जाई. एवढ्या पट्ट्या पिवळ्या कशा, अशी सुरुवातीला तिला शंका आली होती. तिने पट्ट्यांची मुदत पाहिली, ग्लुकोजच्या पाण्यात पट्टी बुडवली. पट्टी झटकन हिरवी झाली. म्हणजे पट्टी बरोबर. ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली. “अहो ताई,” ते म्हणाले, “दवाखान्यातली रांग निम्म्यावर आलीय. लोकांना बरं वाटतंय. आपण कशाला नाक खुपसा?” रांग निम्म्यावर आल्याचं सुख तिलाही झालंच होतं. तिने विचारणं सोडून दिलं.

घरी ती आणि तिची मावशी, दोघीच. आईच्या मागे मावशीनेच तिला वाढवलं होतं. त्या संध्याकाळी मावशी तांब्याने गटागटा पाणी पीत म्हणाली, “अगं, न्हाणीघरात मुंग्यांनी नुसता उच्छाद मांडलाय. दोनदा सांगितलं तुला पावडर आण म्हणून.”

“विसरले गं. आणि किती पाणी पितेस? इन्सुलिन घेतलंस ना?”

“ते? ते कधीच बंद केलं.”

“बंद? कुणी सांगितलं बंद करायला?”

“तूच की!”

“मी?”

मावशी लंगडत आत गेली. अंगठ्यावरची जखम महिनाभर सुकत नव्हती. पाकिटातून एक कागद काढून तिने भाचीपुढे धरला. “ही सही कुणाची? तुला सांगितलं असतं तर आधी भाषण ठोकलं असतंस, म्हणून गुपचूप रांगेत उभी राहिले. आता बघते तर तुझाच दाखला. हे बघ, त्या दाढीवाल्यावर माझा काडीचा विश्वास नाही. तो जवळ आला की मी पर्स छातीशी धरते. मी विश्वास ठेवला तो तुझ्यावर.”

लॅबताईने कागदावरचं नाव वाचलं. मावशीचं पूर्ण नाव, स्वच्छ अक्षरात. सह्या ती गठ्ठ्याने करायची. नावं वाचायची कुणाला सवड होती? ती उठून न्हाणीघरात गेली. मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरून थेट मोरीच्या कडेला, मावशी लघवीला बसे तिथे गेली होती. साबणाकडे नाही, बादलीकडे नाही. मुंग्यांना जे कळत होतं ते पट्टीला कळत नव्हतं.

तिने त्याच वेळी मावशीला इन्सुलिन घ्यायला लावलं. सकाळी तिने बाबांच्या रांगेत उभं राहून एक पेला घेतला, बाबांनी “या, या, आता वैद्यकही शरण आलं!” म्हणून गर्दीला टाळ्या वाजवायला लावल्या. तो अपमान गिळून ती पेला प्रयोगशाळेत घेऊन गेली. त्या पाण्यात ग्लुकोज ढवळलं, पट्टी बुडवली. पिवळी. आणखी ग्लुकोज, दुसरी पट्टी. पिवळीच. आंबट, स्वस्त, कुठल्याही दुकानात मिळणारं काय असेल? तिने औषधांच्या खिडकीवरून क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या, कुटून साध्या पाण्यात विरघळवल्या, त्यात ग्लुकोज घातलं. पट्टी पिवळी.

ती मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरली. “सर, रक्ताच्या यंत्राचं खोकं फोडायचंय. आत्ता.”

“अहो, पाहुणे...”

“माझ्या मावशीने इन्सुलिन सोडलंय, सर. माझ्या सहीवर. आणखी किती जणांनी सोडलं असेल, मला माहीत नाही.”

“माझी गाडी रोज त्या दोरीशेजारूनच आत येते,” डॉक्टर हळूच म्हणाले. मग ड्रेसिंगची कात्री उचलून स्वतःच व्हरांड्यात आले. फीत नव्हती; खोक्यावरची चिकटपट्टी कापली.

लॅबताई तीन पेले, ग्लुकोजचा डबा आणि पट्ट्या घेऊन छपरात गेली. एका पेल्यात साधं पाणी, दुसऱ्यात बाबांचं, तिसऱ्यात गोळ्यांचं. टॅक्सीवाल्याला तिने चमचा दिला. “दादा, तिन्हींत ग्लुकोज तुम्हीच घाला. हवं तेवढं.”

त्याने हात सैल सोडून घातलं. पट्ट्याही त्यालाच बुडवायला लावल्या. पहिली गडद हिरवी झाली. दुसरी पिवळी. तिसरी पिवळी.

“म्हणजे बाबांच्या पाण्यानं साखर गेली!” कुणीतरी ओरडलं.

“चाखून बघा.”

टॅक्सीवाल्याने दुसऱ्या पेल्यातला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “आयला, गोडमिट्ट आहे की!”

“साखर तिथेच आहे,” लॅबताई म्हणाली. “पट्टीवर साखर रंग उमटवते. या पाण्यात क जीवनसत्त्व आहे, ते रंग उमटूच देत नाही. पोटात जास्त झालं की शरीर ते लघवीवाटे टाकतं, म्हणून तपासणीआधीच दोन पेले. रोग तसाच राहतो, फक्त दिसत नाही.”

“मी कुठं म्हटलं औषध सोडा?” बाबा उसळले. “कागद माझे आहेत का? सही माझी आहे का? विचारा हिला!”

गर्दी तिच्याकडे वळली.

“सही माझी आहे,” ती म्हणाली. “यांनी पाणी विकलं, पण भरवसा माझ्या सहीने दिला. मी नावं न वाचता सह्या केल्या. एकाच पट्टीवर विसंबले. शंका आली, तीही मुकाट गिळली. तेव्हा यांच्यावर विश्वास ठेवू नका, आणि मी सांगते म्हणून माझ्यावरही ठेवू नका. शिक्का बघून गप्प बसू नका. विचारा, हे कशावर तपासलं? दुसऱ्या रीतीने तपासलं तर हेच येतं का? जो विचारू देत नाही, त्याच्या हातचं पाणी पिऊ नका. आणि इन्सुलिन, गोळ्या ज्यांनी सोडल्यात, त्यांनी आत्ता आत या. रक्त तपासू.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती दोरीवरचे चिमटे एकेक करून काढू लागली, आणि या खेपेला प्रत्येक नाव वाचू लागली. काही नावांना गर्दीतून ओ आली, काहींना आली नाही. बाबा पिंप कलंडवून कधी सटकले, कुणाच्या लक्षात आलं नाही.

रांगेत पहिली मावशी होती. रिकाम्या टेबलावर आता नवं यंत्र होतं. खिडकीच्या गजांना माणसं चिकटली.

“बघतेस काय?” मावशी बाही वर करत म्हणाली. “टोच. आणि कागदावर नाव नीट बघून घे माझं.”

लॅबताईने नाव वाचलं, मोठ्याने. रक्त घेतलं. यंत्र घरघरलं, थांबलं. तिने आकडा लिहिला, पुन्हा तपासून पाहिला, आणि खाली सही केली.

रक्तातील साखर : ४७१.