दोन म्हाताऱ्यांचा खांदा

काजूचे बोंडू पिळून बिया टोपलीत टाकता टाकता काशिनाथ बोलून गेला. समोर अस्मिता बसली होती. ही विद्यापीठातली मुलगी, गावोगावचे उत्सव आणि खेळ यांवर प्रबंध लिहीत होती. महिनाभर आमच्या गावात राहिली, बायकांबरोबर बागेत राबली, शिमग्याचे सगळे दिवस वही घेऊन देवळापुढच्या मांडावर, म्हणजे होळीच्या मैदानात, उभी राहिली. पोर वाईट नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे गावाने तिला फार शिव्या घातल्या.

“काका, मी घरोघरी विचारून चाळीस शिमग्यांचे निकाल लिहून काढले,” ती म्हणाली. “वीस वेळा वरची वाडी जिंकलीय, वीस वेळा खालची. असं कसं?”

आमच्या गावात होळीसाठी आंब्याचं झाड तोडून त्याचा सोट, म्हणजे सरळ बुंधा, खांद्यावरून मांडावर आणतात. तिथे एका टोकाला वरची वाडी, दुसऱ्या टोकाला खालची, आणि मध्ये सोट. दोन्हीकडून रेटायचं. जी वाडी समोरच्यांना दगडाच्या रेघेपलीकडे ढकलेल ती जिंकली. त्याआधी सोट खाली पडला तर कोणीच जिंकलं नाही. मग वर्षभर तिचा तोरा.

मी काशिनाथला डोळ्यांनी दटावलं. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला इतक्या आपुलकीने कोणी विचारतं कधी? घरचे तर विचारतही नाहीत. तो विरघळला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला,

“जमवचा लागता गो बाय. ह्यो परशुराम खालच्या वाडीचो, मी वयल्या वाडीचो. दोघव सोटाच्या मधी. ज्या वाडीक हरूचा, तिच्या म्हाताऱ्यान हळूच खांदो सोडूचो. सोट कलंडता, मागची पोरां आपसूक मागे येतत. कोणाक काय कळना नाय.”

“पण कशासाठी?”

“आमच्या बापाशींच्या वेळेक हंयच कोयते निघाले. दोन मढी पडली. मगे दोन घरांनी ठरवल्यानी, एक वर्स तुमचा, एक वर्स आमचा. कधी मुद्दाम लागोपाठ दोन, म्हंजे संशय नको. बापाशीन माका सांगितल्यान, ह्याच्या बापाशीन ह्याका.”

अस्मिताने वही उघडली. मग म्हणाली, “हे लिहिलं तर चालेल? गावाचं नाव बदलीन.”

“लिव गो. तुझा पुस्तक हंय कोण वाचतलो?”

ती गेल्यावर मी त्याला नको नको ते बोललो. तो आपला बोंडू पिळत राहिला.

वाचणारा गावातच निघाला. आमच्या वाडीतला सर्वेश तालुक्याला कॉलेजात शिकवतो. दुसऱ्या वर्षी दिवाळीत तो प्रबंध त्याच्या मोबाईलवर आला. नाव बदललेलं असलं तरी आंब्याचा सोट, दगडाची रेघ, दोन म्हातारे, कळायला किती वेळ लागतो? देवळाच्या पायरीवर बसून त्याने सगळ्यांना वाचून दाखवलं.

“म्हंजे आमी आजपर्यंत नाटकात नाचलाव?” माझा पुतण्या सत्यवान म्हणाला.

काशिनाथ पुढे झाला. “नाटक न्हय रे. तुमचे जीव ऱ्हवाक व्हये म्हणून केलाव.”

“तुमका कोणी सांगितल्यान व्हता?” हे मंगेश बोलला, वरच्या वाडीचा. टेम्पो चालवायचा आणि चार वर्षं सोटाच्या तोंडाशी त्याचाच खांदा असायचा. “माझ्या खांद्याचो सोलाटो निघालो, रगत इला. ता खरा व्हता मां? मगे जिंकना तेवढा खोटा कित्याक?”

मला काशिनाथचा राग आला होता, आणि त्याहून जास्त माझा. ठरलं ते असं, की या शिमग्याला म्हाताऱ्यांनी सोटाला हात लावायचा नाही. दोघांनी रेघेच्या दगडाजवळ बसून बघायचं.

आम्ही बसलो. फाल्गुनातलं ऊन, धुळीचा लोट, ढोल बडवून बडवून पोरांचे हात सुजलेले. अर्धा तास सोट जागचा हलेना. दरवर्षी दहा मिनिटांत आटपायचं. हरायचं झालं तर सोट कुठल्या अंगाला सोडायचा, कोणी कुठे सरायचं, हे आम्ही दोघेच सांभाळायचो. पोरांना ते कधी शिकवलंच नव्हतं, कारण शिकवलं असतं तर गुपित फुटलं असतं.

“ओमकारा, पाय बघ,” मी ओरडलो. आमच्या रांगेतला ओमकार गुडघ्यावर आला, त्याच्या पुढचे त्याच्यावर आले आणि सगळी रांग मागे रेघेपलीकडे गेली. मी चार हातांवरून पाहिलं. त्यानंतर सोट फिरला आणि मंगेशला खाली घेऊन पडला.

गोव्याच्या इस्पितळात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला.

मग दगडफेक, पोलीस, पुढच्या वर्षीचा शिमगा बंद. खालच्या वाडीची पोरं शपथेवर सांगतात, सोट आधी पडला, रेघ नंतर ओलांडली. वरची वाडी म्हणते, आधी ओलांडली. अस्मिता येऊन काशिनाथच्या ओटीवर रडून गेली. तो तिला म्हणाला, “तुझो दोष नाय गो, बाय. तू विचारलंस. तोंड माझा सुटला.”

पावसाच्या तोंडावर आम्ही दोघे मंगेशकडे गेलो. तो पडवीत खाटेवर बसला होता. त्याची आई विमला चहा ठेवून आत गेली.

“मंगेशा,” काशिनाथ म्हणाला, “एक सांगूचा व्हता. आमी रेघेर बसलेले. आधी खालच्या वाडीची पोरां रेघेपलीकडे गेली, मगे सोट पडलो. ह्या वर्सा खरेच तुमी जिंकलास.”

“होय रे,” मी म्हटलं. “माझ्याच वाडीची पोरां हरली. मी खोटा कित्याक सांगू?”

मंगेशने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. असता तर बरं झालं असतं.

“माझो बापूस मरताना तुमी दोघव तेच्या उशाक बसला व्हतास,” तो म्हणाला. “‘गुरुदासा, तुझ्या खांद्यार वाडी जिंकली,’ असा तेका सांगितलास. तो हसत गेलो. तेव्हाव तुमची तोंडां अशीच व्हती, काका.”

त्याने चहाचे कप आमच्यापुढे सरकवले.

“चाय घेवा,” मंगेश म्हणाला. “थंड जाता.”

आम्ही चहा घेतला आणि उठलो. मंगेश त्या दिवशी खरोखरच जिंकला होता, आणि ते त्याला पटेल असं सांगणारं माणूस गावात उरलं नव्हतं.