पाण्याच्या सुट्ट्या

"इतवारी शाळा जमाची नाई, गुरुजी. कापूस फुटला का लेकरं वावरात लागतेत," शाळा समितीचे अध्यक्ष रघुनाथराव बैठक बसल्या-बसल्याच म्हणाले.

यंदा पावसापायी शाळा नऊ दिवस बंद राहिली होती. ते दिवस कसे भरायचे अन् पुढच्या पावसाळ्याचं काय, हे ठरवायला पोळा झाल्यावर गाव जमलं होतं. मुकुंद गुरुजी रोज सौंसरहून मोटरसायकलनं येणारे. त्यांनी कागद घरूनच लिहून आणला होता.

"नाल्याला पूर आला की लेकरांच्या जिवाला धोका," ते वाचू लागले. "म्हणून पुढच्या वर्षी जुलैचे पंधरा दिवस सुट्टी. ते दिवस दिवाळीत भरू."

माना हलल्या. लेकरांच्या जिवाचं म्हटल्यावर कोण काय बोलणार?

दाराशी बसलेली यमुना तेवढी उठली. शाळेत जेवण रांधणारी बाई, चौथीपर्यंत शिकलेली.

"गुरुजी, त्या नऊ दिवसाइत लेकरं त आलते."

"कोणते लेकरं?"

"सगळेच. तुमचा मेसेज नऊ वाजता येते. तवरिक मायबाप वावरात, अन् मोबाईल त्याइच्या खिशात. लेकरं शाळेत येऊन बसलेले राह्यते. मंग मी वरांड्यात बसवलं. पाढे म्हनून घेतले, धडे वाचाले लावले. मले येते तेवढंच. घरच्या तांदळाची खिचडी केली." ती घुटमळली. "हजेरीत धरत नसन त राहू द्या. मी चुकली का?"

 नाला गावापासून कोसभर लांब, सौंसरच्या वाटेवर. सगळी लेकरं अलीकडच्या अंगाला. नाला ओलांडावा लागे तो एकट्या गुरुजींना. हे साऱ्यांना ठाऊक होतं, फक्त आजवर कोणी बोललं नव्हतं. अन् नऊपैकी चार दिवस नाल्याला पूरच नव्हता. भुरभुर पाहून गुरुजी मेसेज टाकून पुन्हा अंथरुणात शिरले होते. हे मात्र त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

रघुनाथरावांसारखा तोंडाचा सडेतोड माणूस, तोही पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला. कोणी रागावलं असतं तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

गुरुजींनी कागदाची घडी केली. "तुमी नाई चुकल्या, यमुनाबाई. लेकराइचे दिवस भरले. माझे राहिले. दिवाळीच्या छुट्टीत नऊ दिवस मी येतो. अन् पुढच्या पावसाळ्यात इथंच खोली घेऊन राहतो."

त्या चार दिवसांचं ओठांवर आलं होतं. तेवढं काही बाहेर पडेना.

"असं मनाले लावून घेऊ नका, गुरुजी," यमुना समजुतीनं म्हणाली. "पुरात तुमी तरी काय करान? आमालेच भेव लागे, गुरुजी असे पान्याचे निघाले त नसन. लेकरं सारखे नाल्याच्या वाटेकडं पाहत."

गुरुजींनी मान खाली घातली अन् तेही ऐकून घेतलं.