हर्षालीच्या दंडावरचा पट्टा

मित्रांनो, धसईच्या बाजारपेठेत खताच्या दुकानाला लागून एक छोटा दवाखाना आहे. तिथल्या टेबलावर उघडे ठेवलेले मी एक जुने रक्तदाब मोजायचे यंत्र आहे. माझ्या पेटीचा निळा रंग कोपऱ्यांवर उडाला आहे आणि दंडाला गुंडाळायचा पट्टा शिंप्याकडून पुन्हा शिवून घेतलेला आहे. काचेच्या नळीतला पारा मात्र अजून सरळ चढतो आणि सरळ उतरतो. लोक मला 'बीपीचं मशीन' म्हणतात.

माझा जन्म कारखान्यातला, पण मला आठवते ते डॉक्टर माधुरी घरत यांच्या हातातले दिवस. डॉक्टरकीची परीक्षा पास झाल्यावर बाईंनी मला घेतले आणि आपल्या गावाकडे घेऊन आल्या. भाताचे भारे वाहणारे राकट दंड मी पाहिले, बाळंतिणींचे सुजलेले दंड पाहिले. "बाईंचं मशीन खोटं नाय बोलत," असे लोक म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे.

मग विजेरीवर चालणारे नवे यंत्र आले. ते स्वतःच फुगायचे आणि आकडे दाखवायचे. मी कपाटात गेले, जुन्या कॅलेंडरांच्या खाली. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. अंधार होता, एवढेच. पुढे नवे यंत्र एकाच माणसाचे तीनदा तीन आकडे दाखवू लागले आणि बाईंनी मला पुसून पुन्हा टेबलावर ठेवले. त्याच सुमारास, भातकापणीच्या दिवसांत, हर्षाली दवाखान्यात आली.

केसपेपरवर तेव्हा तिचे नाव वेगळे होते, मुलाचे. ते तिला कधीच आपले वाटले नाही, म्हणून मीही ते सांगणार नाही. डोंगराखालच्या गावातले घर, घरी भातशेती. आई सकुबाई धसईच्या आठवडे बाजारात भाजी विकायची. हर्षाली आटगावकडच्या एका गोदामात माल बांधायच्या कामाला होती. अंगात सैल शर्ट, खांदे आत ओढलेले.

"डोकं लय दुखतं, बाई," ती म्हणाली.

पट्टा दंडाला बसला आणि मला तिची नाडी कळली. भ्यालेल्या पाखरासारखी उडत होती. पारा इतका वर थांबला, की बाईंनी पुन्हा मोजून पाहिले. विशी नुकती ओलांडलेल्या शरीरात एवढा दाब नसतो.

"कसल्या गोळ्या घेतोस का?"

"नाय, बाई."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिले, मीठ कमी करायला सांगितले आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा बोलावले.

पुढच्या वेळी ती एकटी आली नाही. सकुबाई तिला मनगटाला धरून घेऊन आली. भाजीची पाटी दारात ठेवून ती आत शिरली आणि कनवटीला खोचलेली गोळ्यांची पाकिटे तिने माझ्या शेजारी टेबलावर टाकली.

"ह्या बघा, बाई. भाताच्या कणगीत लपवलेल्या. ह्या कसल्या ते मला ठाव हाय. पोर होऊ नये म्हनून बाया खातात त्याच ह्या." मग ती लेकराकडे वळली. "कोनाची पोर हाय ती? नाव सांग. मी तिच्या आयबापाचं पाय धरीन. पन कुनाच्या पोरीला असं लपून गोळ्या नको चारू रे."

"कुनाची पोर नाय, आये."

"मग कोन खातं ह्या?"

हर्षालीने टेबलावरची पाकिटे आपल्याकडे ओढली. मग हर्षाली म्हणाली, "मीच खाते."

'खातो' नव्हे, 'खाते'. त्या दोघींनी ते ऐकले आणि मीही ऐकले. सकुबाईने तिच्याकडे पाहिले, पुन्हा पाहिले. मग तिने पाटी उचलली आणि ती निघून गेली. त्या दिवशी ती बाजारात बसलीच नाही. भाजी तशीच घेऊन तिने घरची वाट धरली.

बाईंनी दवाखान्याचे दार लोटून घेतले. "मी तुला काय नावानं हाक मारू?" त्यांनी विचारले.

"हर्षाली," ती म्हणाली. हे नाव तिने दुसऱ्या माणसासमोर पहिल्यांदाच उच्चारले होते.

मग ती बोलत राहिली. समज आल्यापासून आपण मुलगी आहोत हे तिला ठाऊक होते. हार्मोनच्या औषधांनी शरीर बदलता येते हेही तिला कळले होते, पण ती औषधे देणारे कोण, कुठे, हे कळत नव्हते. जवळच्या तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी 'इथं असलं काही मिळत नाही' म्हणून दारातूनच परत पाठवले. दुसऱ्याने कंपाउंडरला आत बोलावून तिच्याकडे बोट दाखवले, आणि दोघे हसले. ती ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत गेली, तर तिथे पुन्हा येण्यासाठी वार सांगितला. तो वार येईपर्यंत गोदामातला मुकादम म्हणाला, "आता खाडा केलास तर येऊच नकोस." शेवटी मोबाइलवर कुणीतरी या गोळ्या दाखवल्या. मेडिकलवाला काही विचारत नव्हता. लवकर फरक पडावा म्हणून ती जास्तच खाऊ लागली.

"या गोळ्यांनीच तुझा दाब चढलाय," बाई म्हणाल्या. "अशाच घेत राहिलीस तर रक्ताची गाठ होईल, जिवावर बेतेल. आजपासून बंद."

"बंद करते. पन मग म्होरं काय, बाई?"

बाईंनी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "मला हे कधी शिकवलंच नाही, हर्षाली. पण मी शोधते. मला थोडे दिवस दे."

आणि त्यांनी खरेच शोधले. पेशंट गेले की त्या फोन घेऊन दाराबाहेर उभ्या राहायच्या, कारण आत रेंज येत नसे. कुणी म्हणे, नसत्या भानगडीत पडू नकोस. कुणी नुसताच विषय बदले. अखेर मुंबईचे एक हार्मोनचे डॉक्टर बोलायला तयार झाले. ते म्हणाले, "एकदा इकडे पाठवा. तपासण्या करू, मनाच्या डॉक्टरांशी भेट करून देऊ. त्यानंतर तिला सारखी ये-जा नको. तपासणी तुम्ही तिथे करा, औषध मी फोनवर सांगेन. पण आधी दाब उतरला पाहिजे. त्याआधी मी काही देणार नाही."

मित्रांनो, तिची सगळी आशा आता माझ्या पाऱ्यावर येऊन ठेपली होती. दर बाजाराच्या दिवशी ती यायची, बाही वर करायची आणि श्वास रोखून नळीकडे बघत बसायची. पारा थोडा थोडा खाली थांबू लागला. पण गोळ्या सुटल्या तशी दाढीचे खुंट पुन्हा राठ झाले आणि ती तोंडाला ओढणी गुंडाळून येऊ लागली.

एके दिवशी पारा पुन्हा वर जाऊन थांबला.

"घेतलीस?" बाईंनी विचारले.

"दोन. आरशात बघवेना मला."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पट्टा सोडला आणि समोरून चहा मागवला. "पुन्हा असं झालं तर गोळीकडे हात नको नेऊस. इकडे ये. दवाखाना बंद असेल तर माझ्या घरी ये."

चहा पिता पिता बाईंनी घरचे विचारले. हर्षाली म्हणाली, "आये बोलत नाय माज्याशी. ताट वाढते आनि पाठ फिरवते. पन माज्या कालवणात मीठ कमी असतं. बाकीच्यांच्यात नसतं कमी." आणि कप खाली ठेवून ती रडली.

थंडी सरता सरता पारा जिथे थांबायला हवा तिथे थांबला. बाईंनी लागोपाठ दोनदा मोजले आणि हसून मान डोलावली. हर्षाली मुंबईला गेली आणि तपासण्या झाल्यावर औषध घेऊन परतली. त्यात अंगाला चोळायचे मलमासारखे एक औषध होते आणि एक गोळी. या वेळी तिने ते कणगीत लपवले नाही. देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवले. ते तिथून कुणी हलवले नाही.

पुढच्या तपासणीच्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. सकुबाई गुडघा दाखवायला आली होती. ती बाकाच्या एका टोकाला बसली आणि हर्षाली दुसऱ्या टोकाला. बाईंनी आतून हाक मारली, "हर्षाली!"

हर्षाली उठली. बाकावरच्या दोन बाया एकमेकींना कोपराने ढोसून हसल्या. एक मोठ्यानेच म्हणाली, "ही कोन बाय हर्षाली? कोनाची?"

हर्षाली जागच्या जागी थांबली. पुढे जावे की मागे वळून पळावे, तिला कळेना.

"माजी हाय," सकुबाई म्हणाली. तिने मान वरही केली नाही, दुखरा गुडघा चोळत राहिली. "उभी काय ऱ्हायलीस? जा गो, नंबर आला तुजा."

आमच्या भागात मुलाला 'रे' म्हणतात आणि मुलीला 'गो'. बाकावर कुणी पुन्हा हसले नाही. हर्षाली आत आली तेव्हा तिला बाहीसुद्धा वर करता येईना, ती बाईंनीच केली. नाडी जोरात चालली होती, पण दाब ठीक होता. त्या दिवशी बाईंनी तो दोनदा मोजला नाही.

आता ती वेगळ्या गोदामात कामाला आहे. तिथल्या पगारपत्रकावर जुनेच नाव आहे. गावात टोमणे मारणारे आहेत, आणि वडील अजून एका शब्दानेही या विषयावर बोललेले नाहीत. तरी तिचे डोके दुखत नाही, आणि औषधाची चौकशी करायला तिला दारोदार फिरावे लागत नाही. मागच्या महिन्यात कसाऱ्याकडून एक मुलगा आला. घरच्यांनी त्याला मुलगी म्हणून वाढवले होते. त्याला दवाखान्याचा पत्ता हर्षालीनेच दिला होता.

माझे दिवस थोडेच उरले आहेत. पाऱ्याची यंत्रे आता काढून टाकतात, आणि ते बरोबरच आहे, कारण नळी फुटली तर पारा विषारी असतो. मला नेतील तेव्हा जपून न्यावे, एवढेच मागणे. आणि मित्रांनो, तुमच्या गावच्या दवाखान्यात कधी कुणी खांदे आत ओढून, ओढणीत तोंड लपवून आले, तर टक लावून बघू नका. तो कोण, ती कोण, हे आपसात ठरवत बसू नका. ते माणूस फार लांबून आलेले असते. बाकावर जरा सरकून घ्या आणि त्याला बसायला जागा द्या.