कोरे कोपरे

स्टुडिओतल्या बाईंनी एन्लार्जरची, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्राची, लेन्स फिरवून काढली, मऊ फडक्याने पुसली आणि डबीत ठेवून दिली.

"ही पन्नास मिलिमीटरची. छोट्या फिल्मला ठीक. तुमची निगेटिव्ह चौकोनी आणि मोठी, तिला ऐंशीची लागते."

"म्हणून का आमच्या जुन्या फोटोचे चारही कोपरे पांढरे?" शेंडेफळाने विचारलं.

"म्हणूनच. उजेड कोपऱ्यांपर्यंत पोचलाच नाही. तिथे कागद कोरा राहिला."

"आम्हाला वाटायचं, शोभेसाठी केलंय," दादा म्हणाला.

"शोभा कसली! निव्वळ आळस," बाई म्हणाल्या आणि दुसरी डबी शोधू लागल्या.

शेंडेफळ बासष्ट वर्षांची होती, दादा अडुसष्टचा. वडील गेले तेव्हा तिला चौथं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांची तिच्यापाशी एकच आठवण होती. नदीकाठ, उतरतं ऊन, ती बाबांच्या खांद्यावर, आणि समोर सगळे फोटोसाठी उभे. पण फोटोत आई होती, आत्या होती, दादा होता, ती कुठेच नव्हती. आईपाशी त्या दिवसांचा विषय काढायची सोय नव्हती. आणि दादा म्हणायचा, तू कुठली तिथे, तू घरी तापाने फणफणली होतीस. इतकी वर्षं तेच ऐकून तिचं तिलाच खरं वाटेनासं झालं होतं. चार आठवणी असत्या तर एक गेल्याचं काही वाटलं नसतं. ही एकुलती एक होती. म्हणून आत्याच्या पेटीत निगेटिव्ह सापडली तशी ती दादाला हाताला धरून इथे घेऊन आली होती.

"हिच्या हट्टापायी आलोय हं," दादाने बाईंना ऐकवलं. "गुडघे कुरकुरतायत, तरी."

"फोटो गुडघ्यांनी बघायचा नाहीये," शेंडेफळ म्हणाली.

लाल दिव्याच्या उजेडात बाईंनी कागद ट्रेमधल्या पाण्यासारख्या औषधात सोडला आणि ट्रे हळूहळू हलवू लागल्या. आधी आईच्या साडीचे काठ उमटले. मग आत्या, कपाळावर हात धरलेली. मग नऊ वर्षांचा दादा, मान खाली घातलेला. शेंडेफळाचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती एकेक कोपरा बघत होती. वरच्या दोन कोपऱ्यांत नुसतं आभाळ आलं. खालच्या उजव्या कोपऱ्यात दगड आले. झालं, तिला वाटलं, दादाचंच खरं.

मग डाव्या कोपऱ्यातली वाळू काळी पडायला लागली.

"ही फोटो काढणाऱ्याची सावली," बाई म्हणाल्या. "ऊन पाठीशी होतं ना त्यांच्या." आणि जराशाने, "पण डोकी दोन आहेत बघा. एकावर एक."

वरचं डोकं लहान होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन शेंड्या उडाल्या होत्या.

"अगं बाई!" शेंडेफळ म्हणाली. ती हसत होती आणि नाक पुसत होती. "मी फोटोत कशी असेन? मी तर फोटो काढणाऱ्याच्या खांद्यावर होते! दादा, बघितलंस? बघ की रे!"

दादा बघतच होता. बाईंनी प्रिंट दुसऱ्या ट्रेमध्ये टाकला, तिथून पाण्यात, मग पांढरा दिवा लावला, तरी तो ट्रेवर वाकलेलाच होता.

"आता बोल. ताप कुठला आला होता मला?"

"नव्हता ताप," दादा म्हणाला.

"म्हणजे? तुला ठाऊक होतं?"

"नंबर माझा होता." तो पाण्यातल्या फोटोशीच बोलत होता. "बाबांनी कबूल केलं होतं. तू खाली उतरायलाच तयार नव्हतीस. मग ते म्हणाले, पुढच्या वेळी तुला घेतो."

शेंडेफळाने आता फोटोतल्या, मान खाली घातलेल्या दादाकडे बघितलं. त्याच हिवाळ्यात बाबा गेले होते, पुढची वेळ आलीच नव्हती.

बाईंनी हात पुसले. "किती प्रती काढू?"

"दोन," शेंडेफळ म्हणाली. "दादाची मोठी काढा."